धाव चढवण्याचे पाणी

यंदा माघ सरण्यापूर्वीच आमच्या वस्तीच्या विहिरीला दोर पुरेनासा झाला. धारूरच्या डोंगरावरचे गवत पांढरे पडले, किल्ल्याच्या तटावरची माकडे गल्लीत उतरली आणि भर दुपारी घरातले लाकूड वाजू लागले. लाकूड वाजणे म्हणजे काय, हे आता समजावून सांगावे लागते. हवेतला ओलावा संपला की दाराची फळी, खाटेचा माचा, छपराचा वासा आतल्या आत आखडतो आणि मधूनच कोरडा टणत्कार करतो. घरातली लहान मुले दचकतात. मी दचकत नाही. मला एक चाक आठवते, आणि मग जेवण कडू लागते.

याच दिवसांत टीव्हीवर एक चर्चा चालू होती. कुठल्याशा दूरच्या देशात मोटारी बनवणारे मोठमोठे कारखाने बुडायला आले आहेत आणि सरकारने त्यांना हात द्यावा की बुडू द्यावे, यावर कोट घातलेली माणसे भांडत होती. ते भांडण दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात उतरले. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, ज्याला धंदा करता येत नाही त्याने बुडावे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, कारखाना बुडतो तेव्हा मालक बुडत नाही, कामगारांच्या चुली विझतात. मग कुणीतरी गंमत म्हणून माझ्याकडे वळून विचारले, "चेअरमन, तुमचं काय म्हननं हाय?" ज्या सोसायटीचा मी चेअरमन होतो ती नामशेष होऊन अर्धे शतक लोटले, पदवी मात्र गावाने माझ्याकडेच ठेवली आहे, चेष्टेपुरती. मी बोलू लागलो. चहा संपला, माणसे उठली. म्हणून जे तिथे अर्धवट राहिले ते इथे पुरे करतो.

आमची सोसायटीही वाहनेच बनवीत असे. मोटारी नव्हेत, बैलगाड्या. हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की दिवाळीनंतर या डोंगरपट्ट्यातून जी कुटुंबे ऊसतोडीला पश्चिमेकडे निघत, त्यांचे सारे घर त्या गाडीवर असे. तिच्यावर पीठ असे, कोयते असत, पाळणा असे. गाडी मोडली तर हंगाम मोडला. सोसायटीत सुतार होते, लोहार होते आणि आमच्या बौद्ध वस्तीतले आम्ही काहीजण होतो. माझे वडील निजामाच्या काळात रेल्वेच्या कारखान्यात लोखंड शिकून आले होते. ती विद्या माझ्या हातात होती आणि मॅट्रिकचा दाखला खिशात होता. चेअरमन मी झालो, कारण सुतारांना लोहार नको होता आणि लोहारांना सुतार. यात माझा काही मोठेपणा होता असे मी म्हणत नाही. मात्र त्यानंतर ती शेड ज्या शिस्तीने चालली तो मोठेपणा माझा होता, आणि तो मी कुणाला वाटून देणार नाही.

लाकडी चाकावर जो लोखंडी पट्टा चढवतात त्याला धाव म्हणतात. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवतात. गोवऱ्यांच्या जाळात लालभडक झाली की ती फुगते. तेवढ्यात सांडशीने उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि क्षणाचाही उशीर न करता वरून पाणी ओतायचे. वाफेचा लोट छपराला जाऊन भिडे. जळक्या बाभळीचा गोडसर वास दिवसभर अंगाला येई. लोखंड आकसून लाकडाला आवळू लागले की आऱ्यांमधून एक करकर निघे. आमचा काशिनाथ सुतार त्या वेळी चाकाच्या तुंब्याला, आरे जिथे एकत्र येतात त्या मधल्या ठोकळ्याला, कान लावून बसे. करकर थांबली की उठून मिशीवरचा घाम पुसत म्हणे, "बसलं. आता ह्ये माझ्या नातवाच्या लग्नाला बी जाईल." जिल्ह्यात त्याच्यासारखे चाक करणारा दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

पाणी इतके महत्त्वाचे असते. गाडीच्या धंद्याला पाणी लागते हे हेडमास्तरांना पटत नाही. पण उन्हाळ्यात जुने गाडीवानसुद्धा गाडी संध्याकाळी नदीत उभी करीत, चाके रात्रभर भिजू देत, म्हणजे लाकूड फुगे आणि धाव घट्ट राही. बहात्तर सालच्या दुष्काळात उभी करायला नदीच उरली नाही.

त्या वर्षाबद्दल परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीचे, खडी फोडणाऱ्या बायांचे आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीचे पुष्कळ लिहिले गेले आहे. एका गोष्टीबद्दल कुणी लिहीत नाही. दुष्काळ हा मत्सराचा हंगाम असतो. माणसे शेजाऱ्याच्या विहिरीच्या दोराची लांबी मनातल्या मनात मोजतात. कुणाच्या गोठ्यातून कडब्याचा वास आला की पाय थबकतो. एक वेळ अशी आली की आम्ही ढगांवरही जळू लागलो. आमच्या डोंगरावरून काळा ढग संथपणे जाई, आमच्याकडे पाहतही नसे, आणि घाटाखाली उतरून कुठेतरी चार थेंब टाकी. संध्याकाळी बातमी येई की खाली शिंतोडे पडले. माझी बायको सुभद्रा म्हणे, "खालच्यांनी त्याला चहाला बोलावलं आसंल."

घाटाखाली लिंबाजीरावांची सोसायटी होती. तीही गाड्याच बनवी. लिंबाजीराव जमीनदार होते, पांढरेशुभ्र धोतर नेसत, आणि त्यांच्याकडे जीप होती. स्वतः मोटारीतून फिरणारा माणूस बैलगाड्यांचा चेअरमन होता, ही विसंगती मी त्या काळीच दाखवून दिली होती. ती कुणाला विसंगती वाटली नाही. त्यांच्या गाड्या आमच्यापेक्षा जड असत, आरे ओबडधोबड असत. माणूस मात्र असा की त्याच्यावर राग धरायला जागा सापडू नये. मला पाहताच स्वतः आधी हात जोडून जयभीम म्हणत. सुभद्राची चौकशी करीत. मला वाटे, एकदा तरी या माणसाने माझा अपमान करावा, म्हणजे मला सुटल्यासारखे होईल. त्यांनी मरेपर्यंत तो केला नाही.

त्या वर्षी बैल गेले. काही विकले गेले, काही दावणीलाच आडवे झाले. ज्याचे बैल गेले तो गाडी कशाला घेईल? आमच्या शेडमध्ये तयार गाड्या जू वर करून उभ्या राहिल्या. त्यांचे ताज्या रंगाचे पट्टे धुळीने मिटत गेले. घाटाखालीही तेच झाले. दोन्ही सोसायट्या बुडायला टेकल्या तेव्हा वरून असे ठरले की दुष्काळी कामांवर दगड-मुरूम वाहायला गाड्या लागतातच, तर बैल सरकार पाहील आणि गाड्या सोसायटीकडून घेईल. शिवाय तिला कर्जाची हमी देईल, म्हणजे ती तरून जाईल. सोसायटी मात्र एकच घ्यायची.

इथून पुढे गावात जे सांगितले जाते ते मला मान्य नाही.

पहिली कथा अशी की लिंबाजीरावांनी मुंबईला खेपा घालून साऱ्या जिल्ह्याचा गाडीचा धंदा वाचवला. साऱ्या जिल्ह्याचा नव्हे, घाटाखालचा. दुसरी कथा अशी की मी ताठ्यात राहिलो आणि ती एक सोसायटी निवडणाऱ्या साहेबांच्या दारी गेलोच नाही. मी गेलो होतो. पुन्हा पुन्हा गेलो होतो. बीडच्या त्या कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकाला कुठे खिळा टोचतो हे मी आजही सांगेन. वाळ्याच्या पडद्याआडून थंड वास येई आणि मी बाहेर घाम पुसत बसलेला असे. एकदा जीप थांबली, लिंबाजीराव आले, पडदा उचलून सरळ आत गेले. बाहेर येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेबांना सांगितलंय, घाटावरच्यांचं बी बघा म्हनून." माझ्यासाठी शब्द टाकण्याइतके ते आत होते आणि मी बाहेर होतो. मला दुसऱ्या कशाचाही इतका हेवा वाटलेला नाही; त्यांच्या जमिनीचा नाही, जीपचाही नाही.

तिसरी कथा सर्वांत वाईट. ती म्हणते की आमची चाके ढिली होती.

साहेब दोन्ही सोसायट्यांच्या गाड्या पाहणार होते. घाटाच्या उतारावर खडीने भरलेली गाडी चालवायची आणि पाहायचे. आम्ही काशिनाथच्या हातची सर्वांत उत्तम गाडी निवडली. पण हवा अशी होती की सकाळी घट्ट असलेली धाव दुपारी बोटाने हलावी. म्हणून आम्ही चाकांना गोणपाट गुंडाळले आणि ते रोज ओले ठेवू लागलो. शेडच्या जवळपास पाणी होते फक्त आमच्या वस्तीच्या विहिरीला, तेही तळाशी. वस्तीतल्या बाया पाळीपाळीने घागर भरत, आणि प्रत्येक घरच्या पाण्यातून थोडे पाणी चाकाला जाई. वरच्या आळीचे सुतार-लोहार ते पाणी चाकावर ओतीत, पण शेडमध्ये तहान लागली तर प्यायला घरी जात. हे काही दिवस चालले. मग एका दुपारी सुभद्राने काशिनाथला अडवले आणि सरळ विचारले, "लोखंड पितं आमचं पानी, बाभूळ पिती. तुमी कावून न्हाई पीत, मिस्त्री?" काशिनाथने तिच्याकडे पाहिले, मग घागरीकडे पाहिले. ओंजळ धरली. त्या दिवसापासून शेडमध्ये एकच रांजण राहिला. या गोष्टीचा सत्कार कुणी केला नाही, आणि कुणी करूही नये. उशीर फार झाला होता.

पाहणीच्या दिवशी साहेब सकाळी येणार होते. मी शेडमध्ये पोचलो तेव्हा काशिनाथने गोणपाट सोडून टाकले होते आणि तो चाक कोरड्या फडक्याने पुसून लखलखीत करीत होता. मी हबकलो. तो शांतपणे म्हणाला, "आजाऱ्यावानी पट्ट्या बांधून माझं चाक दाखवनार न्हाई मी." मी म्हटले, राहू दे, साहेबांना काय कळते. त्यावर तो म्हणाला, "त्यांना न कळू दे. मला कळतंय न." आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावे? ज्याला आपल्या कामाचा अभिमान आहे तोच अशी चूक करतो; हलक्या हाताचा सुतार कधीच करणार नाही. सकाळी साहेब आले असते तर सारे ठीक होते. ते आधी घाटाखाली गेले. तिथे जेवण होते. आमच्याकडे यायला दुपार कलली. तोवर ते चाक फाल्गुनातल्या उन्हात उघडे उभे होते, आणि मी घड्याळाकडे पाहत होतो, काशिनाथ रस्त्याकडे.

उताराच्या वळणावर धाव निसटली. ती गाडीच्या पुढे एकटीच पळत गेली, उन्हात चमकत, आणि नालीत आडवी पडून बराच वेळ खणखणत राहिली. कुणी हसले नाही. साहेबांनी चष्मा पुसला. काशिनाथ खाली उतरून ती धाव खांद्यावर घेऊन चढ चढत आला; ती तापली होती, त्याच्या खांद्यावर नंतर वळ उठला. चाक उत्तम होते. पाणी नव्हते. एवढीच गोष्ट आहे, आणि ती गेली अर्धशतकभर उलटी सांगितली जात आहे.

घाटाखालच्या गाड्या सरकारने घेतल्या. त्यांच्या शेडला रोज टँकर येऊ लागला. दुष्काळी कामांच्या गाड्यांची चाके भिजवायला पाहिजेतच. उन्हाळा चढत गेला तसा आमच्या घाटातून खाली पाहिले की तो टँकर दिसे, पांढऱ्या धुळीत हळूहळू जाणारा, मागे थेंबांची एक काळी रेघ सोडणारा. त्या रेघेचाही मला मत्सर वाटे. ती जमिनीवर सांडलेली होती.

मग काशिनाथ गेला. हे मी आजवर कुणाला सविस्तर सांगितलेले नाही. तो हत्यारांची पेटी घेऊन माझ्या दारी आला, बसला नाही. मी म्हटले, पाऊस पडेल, थांब. म्हटले, आपण दोघे मिळून पुन्हा उभी करू. त्याने सगळे ऐकून घेतले. "तिथं पानी हाय, चेअरमन," तो म्हणाला. "इथं निस्ते तुमी हाव." त्याच्या पाठोपाठ इतरही गेले. पुढच्या हंगामात आमच्याच वस्तीतली माणसे खालच्या सोसायटीच्या गाड्या जुंपून ऊसतोडीला निघाली, आणि ती माझ्या दारावरून जाताना चाकांचा आवाज मला ओळखू येत होता. तो काशिनाथचा होता. शेडचे पत्रे गेले. मी पंचायत समितीत कारकून झालो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो.

हॉटेलातल्या वादात मला जे म्हणायचे होते ते हे. सरकारने बुडत्याला वाचवावे की नाही, हा प्रश्नच अर्धा आहे. हेडमास्तर धंदा पाहतात, बँकवाले चूल पाहतात, आणि दोघेही ज्याला वाचवले त्याच्याकडेच पाहतात. त्याच्या शेजाऱ्याकडे कुणी पाहत नाही. सरकार एकाच्या दारात टँकर उभा करते तेव्हा ते नुसते पाणी देत नाही. ते शेजाऱ्याच्या घरातला सर्वांत चांगला माणूस उचलून नेते, आणि मग सांगते की पाहा, ज्याला वाचवले तो किती लायक निघाला. आम्ही दुष्काळाने मेलो नाही. आम्ही दुसऱ्याच्या वाचण्याने मेलो. सुभद्रा म्हणते, "येवढं जळून जळून तुमची राख कशी झाली न्हाई?" मी तिला सांगतो की राख होणारे लाकूड वेगळे. माझ्या वयाच्या माणसाने मत्सर सोडून निवृत्त व्हावे, असे पुष्कळांना वाटते. पण आपल्या मालकीचे जे होते त्याची आठवण ठेवणारे मत्सराखेरीज माझ्याजवळ दुसरे काही राहिलेले नाही. मी तो सोडणार नाही.

पण ही गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी लेखणी उचलली नसती.

पंधरवड्यापूर्वी काशिनाथचा मुलगा माणिक घरी आला. तो आता स्वतःच पिकल्या केसांचा आहे. घाटाखालच्या सोसायटीत वेल्डिंग करतो. लाकडी चाके जाऊन टायरगाड्या आल्या, टायरगाड्यांच्या जोडीला ट्रॅक्टर आले, तशी ती सोसायटी ट्रॉल्या बनवू लागली. आणि यंदाच्या दुष्काळात ट्रॉल्या कुणी घेत नाही. सोसायटी पुन्हा बुडायला आली आहे. पुन्हा सरकारकडे हमी मागितली आहे. त्यासाठी मोठे साहेब येणार, कार्यक्रम होणार, सोसायटीचा इतिहास सांगितला जाणार, आणि जुन्या मंडळींचा सत्कार होणार. माझाही. माणिकने पाण्याचा तांब्या हातात तसाच ठेवला होता. "दादा," तो म्हणाला, "तुमी जुने इरोधक. तुमी चार शब्द वाकडे बोललात तर सायेब त्येच धरून बसंल. आमी लई घरं हावोत ह्या सोसायटीवर." मी काहीच कबूल केले नाही. तो गेल्यावर सुभद्राने माझे धुतलेले धोतर काढून ठेवले. तिने फक्त विचारले, तिथे जाऊन काय बोलणार. मी म्हटले, खरे. ती म्हणाली, "मंग पानी पिऊन जावा."

मी भाषण पाठ केले होते. व्हरांड्यातला बाक, वाळ्याचा पडदा, दुपारी आलेले साहेब, सगळे त्यात होते. कार्यक्रमाच्या दिवशी सोसायटीने पाठवलेल्या जीपमधून उतरलो तो मंडपाच्या तोंडाशीच ते ठेवलेले दिसले. लाकडी चौथऱ्यावर एक चाक, वर झेंडूची माळ, खाली रंगवलेल्या अक्षरांत लिंबाजीरावांचे नाव. जवळ जाण्याची गरज नव्हती. आरे तुंब्यात ज्या कोनात उतरत होते तो कोन या जगात एकाच माणसाच्या हाताला येई. घाटाखाली आल्यावर त्याने केलेले ते चाक होते, टँकरच्या पाण्यावर बसवलेले. आमच्या शेडमध्ये त्याने इतके देखणे चाक केले नव्हते. हे मला मान्य करावे लागले, आणि पोटात जो काही जाळ होता तो गोवऱ्या घातल्यासारखा पुन्हा पेटला.

सत्कार झाला. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. माझे नाव पुकारले तेव्हा मी माइककडे न जाता चाकाकडे गेलो. धावेला अंगठा लावला. ती हलली. महिनोनमहिने शेडच्या कोरड्या हवेत उभे राहून लाकूड आखडले होते. आणखी थोडे दिवस गेले असते तर धाव गळून पडली असती, आरे सुटले असते. साऱ्या कारखान्यात एवढी माणसे वावरत होती, सगळी लोखंडाची. लाकूड पाणी मागते हे त्यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हते.

मी माणिकला पाणी मागितले. त्याला वाटले मला चक्कर आली. तो पाहुण्यांसमोरच्या बाटल्या घेऊन धावत आला. मी शाल काढली, तिच्यावर बाटल्या रिकाम्या केल्या आणि ती ओली शाल चाकाला गुंडाळली, घेरावरून, घट्ट, जशी आम्ही गोणपाटे गुंडाळीत असू. साहेबांनी खाली वाकून शेजारच्याला काहीतरी विचारले. पाठ केलेले भाषण मला आठवत होते, शब्दन्‌शब्द. मी माइकवर एवढेच म्हणालो, "साहेब, यांना वाचवा. पण ह्या खेपेला टँकर घाट चढून वर पण येऊ द्या." आणि माणिकला सांगितले की शाल रोज संध्याकाळी भिजवायची, एकही दिवस चुकवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नवी कथा तयार होती. चेअरमनचे मन अखेर मोठे झाले, जुने वैर विसरून त्यांनी लिंबाजीरावांच्या चाकावर स्वतःची शाल पांघरली, असे हेडमास्तर सगळ्यांना सांगत होते आणि बँकवाले मान डोलावीत होते. हे साफ खोटे आहे. मी काहीही विसरलेलो नाही. आणि ते चाक लिंबाजीरावांचे नव्हते.